गुरुवारच्या भागावर बाबा बोलले नाहीत

ती मालिका तेव्हाही जुनीच होती. मी प्राथमिक शाळेत असताना एकदा होऊन गेलेली. त्या वेळी आमच्याकडे टीव्ही नव्हता. मी कॉलेजात गेले त्या सुमारास दूरदर्शनने ती पुन्हा दाखवायला घेतली, दर गुरुवारी, जेवणाच्या आधी. रंग विटलेले, आवाज मधूनच बसका. त्यातला गुप्तहेर उंच होता, खांदे पाडून चालायचा आणि सायकलवरून फिरायचा. मारामारी नाही, पिस्तूल नाही. लोकांच्या घरी जायचा, पाणी मागायचा, बसायचा, आणि बोलता बोलता त्याला काय ते कळायचं.

नाशिक रोडला जेल रोडच्या मागे आमची छोटी सोसायटी होती. बहुतेकांकडे केबल आली होती, आमच्याकडे नुसतं दूरदर्शन. तरी गुरुवारी समोरचे मास्तर आणि वरच्या काकू आमच्याकडेच येऊन बसायचे. मास्तर गणित शिकवून निवृत्त झालेले, घरी एकटेच. काकूंचे यजमान फिरतीवर असायचे. टीव्ही त्यांच्याकडेही होता, पण भाग संपल्यावर जे बोलणं चालायचं ते आमच्याकडेच. गुन्हेगार आधी कुणी ओळखला, गुप्तहेर कुठे चुकला, त्या नोकराला उगाच का दाखवला. आई कुकर लावता लावता आतून मत द्यायची. आणि सगळ्यांच्या वर बाबांचा आवाज. बाबा नोटांच्या प्रेसमध्ये होते, पहिल्या पाळीला. त्यांना मत नाही असा विषयच नव्हता. लासलगावला कांदा का पडला इथपासून समोरच्या मास्तरांनी चष्मा बदलावा की नाही इथपर्यंत. गुरुवारच्या भागावर तर ते दुसऱ्या दिवशी प्रेसमधून आल्यावरही बोलायचे.

आत्या फारसं बोलायची नाही. ती पलंगाच्या कडेला बसून स्वेटर विणत बघायची, आणि कोणी विचारलं तर एवढंच म्हणायची, "मेव्हण्यावर लक्ष ठेवा." बहुतेक वेळा मेव्हणाच निघायचा.

आत्या बाबांची धाकटी बहीण. नाशिकला एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला होती, रोज सिटी बसने जाऊन येऊन करायची. आमच्याकडे राहायला यायच्या आधी तिचा संसार सिडकोत होता. काका, म्हणजे तिचे यजमान, अंबडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. कमी बोलणारे, हाताने काहीही दुरुस्त करणारे. त्यांना एक मुलगी झाली होती. तिसरं वर्ष लागायच्या आत ती तापाने गेली. मला तिचं रांगणं आठवतं, बाकी काही नाही.

त्यानंतर एक दिवाळी गेली, आणि एका सकाळी काका मनमाडला चुलतभावाच्या लग्नाला जातो म्हणून निघाले. आत्याला शाळेत सुट्टी मिळाली नव्हती. नाशिक रोडहून गाडीत बसले ते बसलेच. लग्नात पोचले नाहीत, घरी आले नाहीत. बाबांनी पोलिसात कळवलं, मनमाड, भुसावळ, इटारसीपर्यंत जाऊन दवाखाने पाहिले, जिथे पाहू नये तिथेही पाहिलं. दूरदर्शनवर हरवलेल्या माणसांची माहिती द्यायचे, त्यात एकदा काकांचा फोटो आला. लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला, बाजूच्या कुणाचा तरी खांदा त्यात राहून गेलेला. आम्ही सगळे तो बघायला बसलो होतो. फोटो आला, गेला, पुढच्या बाईचा आला. आत्या म्हणाली, "बरोबर दिसला ना?" आई म्हणाली, "हो, छान दिसला." मग आईला आपण काय बोललो ते कळलं आणि ती आत गेली.

सिडकोतलं घर सोडून आत्या आमच्याकडे आली. तिनं मंगळसूत्र काढलं नाही, कुंकू लावत राहिली. संक्रांतीला सोसायटीतल्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवायच्या, पण करंडा पुढे करताना हात क्षणभर घुटमळायचा. ते तिला दिसायचं, मलाही दिसायचं. कोणी दुष्टपणाने करत नव्हतं. काय करावं ते कुणाला कळत नव्हतं, एवढंच.

त्या गुरुवारचा भाग सुरू झाला तेव्हा नेहमीचीच मंडळी होती. एका डोंगराळ गावातली बाई गुप्तहेराकडे येते. नवरा नाहीसा झालाय, शोधून द्या. पाच मिनिटांतच आईने कुकर तसाच सोडून बाहेर येऊन बाबांकडे पाहिलं. चॅनेल बदलायला दुसरं चॅनेल नव्हतं, आणि उठून टीव्ही बंद करावा तर ते जास्तच दिसलं असतं. आत्या विणत राहिली.

गुप्तहेर शोधत शोधत समुद्रकाठच्या एका शहरात जातो. नवरा तिथे घड्याळं दुरुस्त करत बसलेला असतो. दुसरी बायको नाही, दारू नाही, कसलं लफडं नाही. नुसता निघून आलेला. तो गुप्तहेराला म्हणतो, मी मेलो म्हणून सांगा. इथे बाबा उठले. "पाणी घेतो," म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. ते भाग संपेपर्यंत आलेच नाहीत. गुप्तहेर डोंगरात परततो, ती बाई त्याला चहा देते आणि तो चहाच्या कपाकडे बघत सांगतो, ते बुडाले. ती बाई उठून खिडकी लावते. पाट्या सुरू.

 मग मास्तरांनी घसा खाकरला. त्यांना गप्प बसवत नव्हतं.

"हे काही बरोबर नाही," ते म्हणाले. "खरं शोधणं हा त्याचा धंदा. शोधलं आणि खोटं सांगितलं, मग हा गुप्तहेर कसला?"

"खोटं सांगितलं म्हणून तिची सुटका झाली की हो," काकू म्हणाल्या. "रडेल, दिवस करेल, मोकळी होईल. नाहीतर आयुष्यभर दाराकडे बघत बसणं." आणि मग काकूंनी तोंडावर पदर धरला, कारण आत्या तिथेच बसली होती.

"असलं दाखवूच नये," आई म्हणाली.

मला तो भाग आवडला नव्हता, कारण त्यात खून नव्हता. मी तसं म्हटलंही. आत्या त्यावर थोडी हसली. लोकर गुंडाळून ती पानं घ्यायला उठली.

पण तो भाग संपला नाही. आठवडाभर सोसायटीत त्याच्यावरच बोलणं चाललं होतं. जिन्यात, दुधाच्या रांगेत, गच्चीवर पापड घालताना. आत्या आली की विषय बदलायचा आणि ती गेली की पुन्हा तिथेच यायचा. दसकहून एक माळीणबाई डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायला यायची, तिच्या घरीही तो पाहिला होता. मेथीची जुडी निवडत ती आईला म्हणाली, "त्या सायकलवाल्याचं काय चुकलं सांगू का? त्याला कॉलर धरून आणायचा होता. मेला म्हने. लय सोपं हाय असं मरायला."

सगळ्यांनी मत दिलं. बाबांनी दिलं नाही. शुक्रवारी मास्तरांनी त्यांना मुद्दाम विचारलं, तर बाबा म्हणाले, "मी पूर्ण पाहिला नाही."

रविवारी सकाळी बाबा बाल्कनीत बसून चपलेला खिळा मारत होते. मी तिथेच केस वाळवत होते. आत्या चहाचे कप घेऊन आली, एक त्यांच्याजवळ ठेवला आणि समोर जमिनीवर बसली.

"दादा, गुरुवारच्या भागावर तू काहीच बोलला नाहीस."

"जमला नव्हता भाग."

"कुठं जमला नव्हता?"

बाबा खिळा ठोकत राहिले. तो वाकडा गेला. त्यांनी तो उपसून काढला, पुन्हा लावला, पुन्हा वाकडा गेला.

"दादा," आत्या म्हणाली, "ते कुठं आहेत?"

बाबांनी हातोडी खाली ठेवली. मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, "रावेरला."

आत आईच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला. आईलाही माहीत नव्हतं.

मग बाबांनी सांगितलं. त्यांच्या खात्यातला एक जण सासरी बऱ्हाणपूरला जात होता, त्याला रावेरच्या स्टेशनावर काका दिसले होते. बाबा भुसावळला कुणाच्या तरी मुंजीला जातो असं सांगून गेले आणि काकांना भेटले. काका तिथे मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला होते. ते बाबांच्या पाया पडले. म्हणाले, सापडलो नाही म्हणून सांगा.

"इतका वाळला होता," बाबा म्हणाले. "मला वाटलं, हा आज ना उद्या येईल. आपणहून आला तर तुझा मान राहील. मी बखोट धरून आणला तर काय राहणार होतं? म्हणून थांबलो. मग तो आलाच नाही. मग इतके दिवस झाले, की आता सांगायचं कसं ते मला कळेना."

"कधीची गोष्ट?"

बाबांनी सांगितलं. आत्या आमच्याकडे राहायला आल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यातली. म्हणजे मधे कितीतरी दिवाळ्या, कितीतरी संक्रांती गेल्या होत्या. आत्याने गार झालेला चहाचा कप उचलला आणि आत नेऊन ठेवला. ती रडली नाही. दुपारी तिने मला विचारलं, "तुझ्या परीक्षा झाल्या ना? माझ्याबरोबर येशील?"

बाबा म्हणाले, "मी येतो."

"तू नको," आत्या म्हणाली.

आम्ही सकाळच्या गाडीने भुसावळला गेलो आणि तिथून पॅसेंजरने रावेरला. मला आठवतं, आत्याने घरातलीच साडी नेसली होती. आईने दिलेली नवी तिने पलंगावर तशीच ठेवली होती.  रावेरला उतरलो तर सगळीकडे केळी. ट्रकमध्ये केळी, स्टेशनाबाहेर पानांचे ढीग, हवेला हिरवट वास. दुकान बाजाराच्या टोकाला होतं. बाहेर शेतातल्या पंपाच्या मोटारी उघडून ठेवलेल्या, आत तांब्याची तार आणि व्हार्निशचा उग्र दर्प. मालक म्हणून एक लठ्ठ, मायाळू चेहऱ्याचा माणूस होता. आत्याने काकांचं नाव घेतलं नाही. "नाशिकचे इलेक्ट्रिशियन," म्हणाली. मालकाने एकदा तिच्या गळ्याकडे पाहिलं आणि आतल्या बाजूला बोट दाखवलं.

काका लाकडी फिरकीवर तार गुंडाळत बसले होते. केस पांढरे झाले होते. मी त्यांना ओळखलं नसतं.

"आलीस," ते म्हणाले.

"हो."

"बस." त्यांनी स्टुलावरचं सामान हाताने बाजूला सारलं. "ही दादांची का?"

"हो. कॉलेजात आहे."

मालकाने चहा पाठवला.  मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण आत्याने माझा दंड धरून ठेवला होता.

"मनमाडला उतरणारच होतो," काका आपणहून म्हणाले. "गाडी थांबली, लोक उतरले, मी बसून राहिलो. म्हटलं, पुढच्या स्टेशनावर उतरून परत फिरू. मग त्याच्या पुढच्या. पहिल्या दिवशी आलो असतो तर कुणी काही विचारलं नसतं. आठ दिवसांनी काय सांगणार होतो?"

"माझा राग आला होता का?"

"नाही."

"मग?"

काका तारेकडे बघत होते. "तू तिचे कपडे धुवायचीस. दर रविवारी. झबली, टोपडी, ते पिवळं दुपटं. धुऊन दोरीवर घालायचीस, संध्याकाळी घडी करायचीस. रविवारी मी घरी असायचो."

मला हे ठाऊक नव्हतं. आत्याचा माझ्या दंडावरचा हात सैल झाला.

"सांगायचं होतं तुम्ही. नको धुऊ म्हणून."

"कसं सांगणार? तेवढ्यापुरती तू बरी असायचीस."

मालकाचा रेडिओ बाहेर चालू होता.  मग आत्या म्हणाली, "दिले मी ते कपडे. दादाकडे आले तेव्हा. वहिनीच्या ओळखीत एक बाळ झालं होतं, त्याला दिले."

काकांनी मान हलवली, आणि मग ते रडायला लागले. आवाज न करता, फिरकी तशीच मांडीवर धरून. आत्या उठून त्यांच्याजवळ गेली नाही. ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली.

"येता का परत?" तिने विचारलं.

"नको."

"मग मी इकडे येऊ?"

हे ती विचारेल असं मला वाटलं नव्हतं. काकांनाही वाटलं नसावं. ते म्हणाले, "तू दिसलीस की ती आठवते. आत्ताही तेच होतंय. तुलाही होत असेल." आत्याने नाही म्हटलं नाही.

निघताना ते दुकानाबाहेर आले, पलीकडच्या गाडीवरून केळ्यांची एक मोठी फणी घेतली आणि माझ्या हातात दिली. स्टेशनापर्यंत येतो म्हणाले, पण आले नाहीत. परतीच्या गाडीत आत्याने ती केळी डब्यातल्या सगळ्यांना वाटली. समोरच्या बाईला, तिच्या मुलांना, दारात बसलेल्या माणसाला. शेवटी आम्हाला एकही उरलं नाही.

जळगाव गेल्यावर ती म्हणाली, "त्या भागातला गुप्तहेर चुकला. त्यानं तिला गाडीत बसवून घेऊन जायला हवं होतं. दारातून का होईना, बघितलं असतं तिनं एकदा."

घरी बाबा दारातच उभे होते. आत्या त्यांना म्हणाली, "भेटले. बरे आहेत. तिकडेच राहणार आहेत. लोकांनी विचारलं तर तसंच सांग." आणि लोकांनी विचारलं. विचारलं नाही त्यांनीही मतं दिली. मास्तर म्हणाले, खरं कळलं हे चांगलं झालं. काकूंना वाटत होतं, तिने तिथेच ठाण मांडायला हवं होतं, बायकोचा हक्क असतो. कुणी म्हणे, पोटगी मागावी. कुणी म्हणे, त्याने नक्की दुसरी केली असणार, पोरीला दिसू दिलं नसेल. गुरुवारच्या भागावर बोलावं तसंच बोलायचे, त्याच सुरात, त्याच जिन्यात. ती मालिका काही महिन्यांनी संपली. आमच्याकडे त्यानंतर कुणी बसायला आलं नाही.

काकांवर आत्याचा राग नव्हता, हे मला रावेरलाच कळलं होतं. पण बाबांचं काय होणार ते कळलं नव्हतं. घरात ती त्यांच्याशी नीट बोलायची, ताट वाढायची, औषधाची आठवण करून द्यायची. फक्त "दादा" म्हणायची बंद झाली. आईला सांगायची, "ह्यांना म्हणावं, चहा झालाय." बाबा दोन-तीनदा काहीतरी बोलायला गेले आणि ती उठून गेली. शेवटी एकदा आईनेच विषय काढला. म्हणाली, "त्यांनी तुझ्या भल्यासाठीच केलं गं. खुद्द नवऱ्याला माफ केलंस, आणि भावाला नाही?"

"ते दुःखानं गेले, वहिनी," आत्या म्हणाली. "त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. हा रोज समोर बसून चहा प्यायचा. मी संक्रांतीला वाण घेऊन घरी यायचे, तेव्हा हा विचारायचा, काय मिळालं म्हणून."

बाबा आत पलंगावर बसलेले होते. त्यांना सगळं ऐकू गेलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आत्याने पंचवटीत शाळेजवळ एक खोली भाड्याने घेतली. कारण सांगितलं, बसचा फार त्रास होतो. ते खोटं नव्हतं. बाबांनी तिचं सामान टेम्पोत चढवलं, तिकडे जाऊन तिला पंखा बसवून दिला, नळाची गळती काढून दिली. ती खुर्ची धरून उभी राहिली. चहा केला, दिला. आणि मग आम्ही नाशिक रोडला परत आलो. त्या संध्याकाळी बाबांनी टीव्ही लावला आणि आवाज कमी करून नुसते बसून राहिले. बातम्यांत काय सांगत होते, त्यावर ते काही बोलले नाहीत. पुढे पुढे त्यांची ती सवयच गेली. भाजीत मीठ कमी पडलं तरी जेवून उठायचे.

आत्या भाऊबीजेला यायची. ओवाळायची, ओवाळणी घ्यायची, "शाळेचं काम आहे" म्हणून जेवायच्या आधी निघायची. आई डबा बांधून द्यायची. तो ती न्यायची.

काका गेल्याची बातमी नव्या शतकातल्या एका पावसाळ्यात आली. रावेरच्या दुकानमालकाने फोन केला, तोही आमच्या घरी. काकांनी त्याला तोच नंबर दिलेला होता. बाबा तसेच रिक्षाने पंचवटीला गेले. या वेळी ती "तू नको" म्हणाली नाही. दोघं मिळून रावेरला गेले. मी नव्हते, तेव्हा माझं लग्न होऊन मी पुण्याला होते. पुढचं मला आईकडून कळलं. बाबांनी अग्नी दिला. दुकानमालकाने दोन दिवस दुकान बंद ठेवलं. परतीच्या गाडीत बाबा म्हणाले, "चुकलं माझं." आत्या म्हणाली, "हो." एवढंच. पण नाशिक रोडला उतरल्यावर ती पंचवटीला न जाता आमच्या घरी आली आणि दहा दिवस राहिली. अकराव्या दिवशी परत गेली.

मंगळसूत्र तिने काढलं. कुंकू लहानसं लावत राहिली. त्याच्यावरही लोकांची मतं होतीच.

बाबांना पार्किन्सन झाला तो त्यानंतर. आधी हात, मग चालणं, मग बोलणं जड झालं. मी महिन्यातून एकदा पुण्याहून जायचे. तोवर घरात कॉम्प्युटर आला होता, माझ्या नवऱ्याने त्यांना आणून दिलेला. जुने कार्यक्रम कुणी कुणी त्यावर टाकायला लागले होते. एका दुपारी शोधता शोधता मला ती मालिका सापडली, आणि तो भागही. चित्र आणखीच विटलेलं. खाली लोकांनी मतं लिहिली होती. मी उघडावं की नाही या विचारात होते, तर बाबा मागून म्हणाले, "वाच."

मी वाचत गेले. कुणी लिहिलं होतं, लहानपणीची आठवण जागी झाली. कुणी लिहिलं होतं, किती संथ आहे, आता असं कोण बघेल. एकाला शेवट अप्रतिम वाटला होता. एका बाईने लिहिलं होतं की तिच्या आईने हा भाग पाहून दोन दिवस जेवण टाकलं होतं, का ते आईने कधी सांगितलं नाही. एकाने फक्त विचारलं होतं, गुप्तहेराचं काम करणारा नट हयात आहे का.

"तुमचं काय मत, बाबा?" मी विचारलं. खरं म्हणजे असंच, काहीतरी बोलायचं म्हणून.

त्यांना शब्द जुळवायला वेळ लागायचा. मी थांबले. "सगळे त्या बाईचं बोलतात," ते म्हणाले. "नाहीतर नवऱ्याचं. तो सायकलवाला पुढं घरी गेला असेल ना? जेवायला बसला असेल. त्याचं कुणी काही लिहीत नाही."

मी म्हटलं, "लिहू का मी?"

"नको," बाबा म्हणाले. "बंद कर."

ते गेले तेव्हा हिवाळा होता. शेवटचे काही आठवडे आत्या येऊन राहिली होती. आईच्याने त्यांना उचलवत नव्हतं, आणि आत्या निवृत्त झालेली होती. तिनेच त्यांना भरवलं, कूस बदलून दिली, पाठीला पावडर लावली. शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. आत्याला ते "मावशी" म्हणायचे, कारण लहानपणी त्यांच्या घरी कामाला एक मावशी असायच्या. ती "ओ" द्यायची. मी एकदा ऐकलं, ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणत होती, "दादा, मी आहे." बाबांनी तिच्याकडे परक्यासारखं पाहिलं आणि पाणी मागितलं.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. मी आईच्या साडीची घडी करत होते, आत्या खिडकीशी बसली होती.

"मी त्याच्याशी एकदा भांडायला हवं होतं," ती म्हणाली. "चांगलं कडाडून. लहानपणी भांडायचो आम्ही, मारामाऱ्या करायचो आणि संध्याकाळी एका ताटात जेवायचो. मी नुसती निघून गेले पंचवटीला. त्याला वाटलं असेल, एवढ्यावर भागलं."

"काकांसारखं," मी म्हणणार होते, पण म्हटलं नाही. तिला ते ठाऊक असावं.

आत्याने पंचवटीची खोली सोडली. आता ती आणि आई जेल रोडच्या घरी असतात. आईला कमी ऐकू येतं म्हणून टीव्हीचा आवाज मोठा असतो. दोघींच्या मालिका वेगळ्या आहेत आणि रिमोटवरून वाद होतात. कधी कधी तर चांगलेच होतात. फोनवरून मला दोघीही आपापली बाजू सांगतात, मी ऐकून घेते आणि कुणाचीच घेत नाही.